मानमोडीचा विहार आणि त्याची अक्षय ठेव

जुन्नर म्हटले की प्रत्येकाच्या मनात प्रथम शिवनेरी उभा राहतो. श्रीशिवछत्रपतींचे ते जन्मस्थान. तेव्हा त्या गडाने भोवतालचे सारे डोंगर झाकून टाकावेत यात नवल नाही. परंतु आज मी श्रोत्यांस शिवनेरीवर नेणार नाही. गावापासून मैल-दीड मैलावर मानमोडी नावाचा एक लांबट, उघडाबोडका डोंगर आहे. त्याच्या पोटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक भिक्षुविहार नांदत होता. राजधानीच्या थाटाचा नव्हे, वेरूळ-अजिंठ्याच्या कीर्तीचा तर नव्हेच. त्या विहाराची हकीकत मला आज सांगावयाची आहे.

कुकडी आणि घोड या दोन नद्यांच्या मुलखात, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत, माझे मास्तरकीचे सारे आयुष्य गेले. दरवर्षी हिवाळ्यात मी मुलांना घेऊन मानमोडीवर जात असे. एका वर्षी भिंतीवरील लेखाचा अर्थ मी मुलांना समजावून देत होतो. अमक्याने अमुक इतके द्रव्य अक्षय ठेव म्हणून ठेविले, त्याचे व्याज भिक्षूंस कायमचे मिळत राहावे, असे मी म्हणालो. तोच मागच्या रांगेतील एक मुलगा उठून उभा राहिला. "मास्तर, ठेव अक्षय होती ना? मग ती आता कोठे आहे?"

मी त्याला त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि खाली बसविले. परंतु प्रश्न खरा होता. तो माझ्या मनातून गेला नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तरच समजावे.

प्रथम जागा नीट ध्यानात घेऊ. जुन्नरच्या भोवती डोंगरांचे एक कडेच आहे. उत्तरेस लेण्याद्री, पश्चिमेस शिवनेरी, त्याच्या पलीकडे तुळजा लेणी आणि इकडे मानमोडी. या सर्व डोंगरांत मिळून लहानमोठी दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी अन्यत्र क्वचितच आढळतील. त्यांचा काळ साधारणपणे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून ख्रिस्तोत्तर तिसऱ्या शतकापर्यंतचा. या गर्दीचे कारण नाणेघाटात सापडते. कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून देशावर येई, तो जुन्नरास. त्या घाटाच्या माथ्यावरील गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख आहे, आणि जवळच तो मोठा दगडी रांजण आहे, ज्यात जकातीचे नाणे टाकीत असत असे परंपरेने सांगतात. जेथे तांडे थांबतात तेथे बाजार वसतो, आणि जेथे बाजार वसतो तेथे भिक्षा मिळते. भिक्षूंनी डोंगर निवडला तो अरण्यवासाच्या ओढीने खरा. पण तो डोंगर गावापासून सकाळी निघून भिक्षापात्र भरून मध्यान्हीच्या आत परत येता येईल इतकाच दूर असावा लागे. मानमोडी तशीच आहे.

भिक्षूंनी वर्षाकाळात एका ठिकाणी राहावे असा बुद्धाच्या काळापासूनचा नियम. आपल्या मावळच्या पावसाची ज्यांना ओळख आहे त्यांना या नियमाचे शहाणपण सांगावयास नको. पावसाळ्यापुरता निवारा म्हणून सुरू झालेली वस्ती पुढे बारमाही झाली. मानमोडीवर आज लेण्यांचे तीन समूह दिसतात: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग. ही नावे अर्थातच मागाहूनची. प्रत्येक समूहात भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत. खोली म्हणजे तरी काय? आठ-दहा फुटांची एक कोठडी आणि तीत निजण्यासाठी कोरलेला दगडी ओटा. बाहेर पाण्याची टाकी. लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे, आणि लेण्यांजवळच्या अशा टाक्याला आपल्याकडे अद्यापि पोढीच म्हणतात. दोन हजार वर्षांत शब्द झिजला नाही.

आता त्या भिंतींकडे वळू. जुन्नरच्या सर्व लेण्यांत मिळून ब्राह्मी लिपीतील तीसहून अधिक प्राकृत लेख आहेत. त्यांपैकी दहा-अकरा लेख एकट्या अंबा-अंबिका समूहातील एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कोरलेले आहेत. मौजेची गोष्ट ही की ते चैत्यगृह कधी पुरे झालेच नाही. पूजास्थान अपुरे राहिले आणि त्याची भिंत विहाराच्या जमाखर्चाची वही झाली. मोठाल्या राजांच्या प्रशस्ती तेथे नाहीत. आहे ती शेतांची, झाडांची आणि दरमहाच्या उत्पन्नाची नोंद.

एका लेखात अडुथुम नावाचा एक शक उपासक येतो. शक म्हणजे मध्य आशियातून आलेल्या लोकांपैकी. तो कोणाचिक नावाच्या श्रेणीचा, म्हणजे आपण ज्याला धंदेवाइकांचा संघ म्हणू त्या संस्थेचा, उपासक आहे. त्याने वडालिका येथे करंजांच्या जागी 20 निवर्तने आणि कटपुतक येथे वडाच्या जागी 9 निवर्तने जमीन विहारास लावून दिली. निवर्तन हे त्या काळचे जमीन मोजण्याचे माप. करंज आणि वड! आपल्या बांधांवर आजही हीच झाडे उभी आहेत. मुलांना मी हे वाचून दाखविले की ती प्रथमच त्या भिंतीकडे आपलेपणाने पाहू लागत.

दुसरा एक लेख मला सर्वांत प्रिय आहे. त्यात दोन श्रेणींची नावे आहेत. एक वेळूकामाची, म्हणजे ज्यांना आपण बुरूड म्हणतो त्यांची, आणि दुसरी काशाचे काम करणाऱ्यांची. 'कांस्यकार' या संस्कृत शब्दापासूनच आपला 'कासार' आला, हे श्रोत्यांच्या लक्षात आलेच असेल. बुरुडांच्या श्रेणीकडून दरमहा पावणेदोन कार्षापण आणि कासारांच्या श्रेणीकडून दरमहा पाव कार्षापण, एवढाच त्या नोंदीचा मजकूर. सूप, टोपल्या विणणारे आणि वाट्या, घंटा घडविणारे यांचे हे दोन संघ. आणि डोंगरावरच्या विहाराचा चरितार्थ काही अंशी त्यांच्या हातात!

हे द्रव्य कसे येत असे, ते समजण्यासाठी थोडा वेळ नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे लागेल. कारण तेथे हाच व्यवहार अधिक तपशिलाने लिहिलेला आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने नहपानाच्या 42 व्या वर्षी एक लेणे संघास दिले आणि त्याबरोबर 3,000 कार्षापणांची अक्षयनीवी ठेविली. त्यांपैकी 2,000 गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, फक्त व्याज भोगावयाचे, असे स्पष्ट लिहिले आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण मिळावयाचे. गणित करून पाहा: 2,000 वर महिना 20, वर्षाचे 240, आणि 20 भिक्षूंस 12 प्रमाणे 240. पै-पैचा मेळ बसतो. हा सारा ठराव निगमसभेत, म्हणजे नगरातील व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखविला आणि दप्तरात नोंदविला, हेही तेथे लिहून ठेविले आहे.

आता हाच त्रैराशिकाचा धडा मानमोडीला लावू. येथील लेखात मुद्दल नाही, व्याजाचा दर नाही. केवळ दरमहाची रक्कम आहे. पण पावणेदोन आणि पाव मिळून बरोबर दोन होतात. नाशिकचा शेकडा एकचा दर धरला तर बुरुडांकडे 175 आणि कासारांकडे 25, मिळून 200 कार्षापणांचे मुद्दल ठरते. वर्षाचे व्याज 24, आणि नाशिकच्या मानाने वस्त्रांचा खर्च धरला तर त्यातून दोन भिक्षूंची सोय होते. हा हिशेब माझा आहे, लेखातला नव्हे. एका मास्तराचा अदमास म्हणूनच तो घ्यावा. परंतु त्यावरून मानमोडीचे प्रमाण डोळ्यांसमोर येते. नाशिकला राजाचा जावई 20 भिक्षूंची तरतूद एका दमात करतो. येथे ती दोन-दोन भिक्षूंच्या हप्त्याने, अनेक हातांनी झाली असावी.

ते हात कोणाकोणाचे होते हेही पाहण्यासारखे आहे. भूतलिंग समूहातील चैत्याचे नक्षीदार मुख, ज्याच्या कमानीत गजलक्ष्मी कोरली आहे, ते चंद नावाच्या एका यवनाने दिले. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान पश्चिमेकडून आलेला परका. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप खोदविला. भडोचचे बुद्धमित्र व बुद्धरक्षित हे दोघे भाऊ जुन्नरास दोन खोल्यांचे लेणे देतात. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे व एक पोढी देते. लेण्याद्रीचे मोठे चैत्यगृह कल्याणच्या एका सोनार घराण्यातील सुलसदत्त याने दिले. गिरिभूती हा गृहस्थ आपल्या पत्नीसह, शिवपालनिकेसह, लेणे व पोढी देतो, आणि त्याच लेखात नगरातील धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या निवासाचाही उल्लेख येतो. म्हणजे डोंगरावर भिक्षू आणि गावात भिक्षुणी, अशी त्या काळच्या जुन्नरची वस्ती होती. राजसत्तेचा हात मानमोडीस लागला तो एकदाच ठळकपणे: नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम याने 46 व्या वर्षी एक मंडप व एक पोढी पुण्यार्थ करविली. हे वर्ष शककालाचे धरल्यास इ. स. 124 येते. नाशिकच्या त्या मोठ्या दानानंतर अवघ्या चार वर्षांनी.

शिवनेरीच्या त्या चिटाच्या लेखात आणि इरिल नावाच्या दुसऱ्या एका यवनाच्या लेखात 'गट' असा शब्द आहे. स्टेन कोनो या पंडिताने 1912 साली असा तर्क लढविला की हे गट म्हणजे युरोपातील गॉथ, जर्मन कुळीचे लोक. तर्क मनोरंजक आहे, परंतु तो सर्वमान्य झाला नाही. गॉथांचा संबंध संशयाचा असला, तरी जर्मन पंडितांचा संबंध मात्र पक्का आहे. जुन्नरच्या लेखांच्या नकला 1837 पर्यंत कर्नल साइक्स याने प्रसिद्ध केल्या होत्या. पुढे 1881 साली आपले पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी ते लेख वाचून छापले. त्यानंतर त्यांच्या अर्थाची छाननी केली ती डॉ. गेऑर्ग ब्यूलर यांनी, आणि 1912 साली सर्व ब्राह्मी लेखांची क्रमवार यादी केली ती हाइन्रिश ल्यूडर्स यांनी. हे दोघेही जर्मन. आज मानमोडीचा कोणताही लेख अभ्यासक ओळखतात तो ल्यूडर्सच्या क्रमांकाने.

ब्यूलर हे 1863 पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक होते. पुढे ते युरोपास परतले आणि 1898 साली कॉन्स्टन्सच्या सरोवरात नौकाविहार करीत असता बुडून मरण पावले. त्याच सरोवरात राइखेनाउ नावाचे एक बेट आहे, आणि त्या बेटावर 724 साली पिर्मिन नावाच्या साधूने एक मठ स्थापिला. त्या मठाची एक वही प्रसिद्ध आहे. 824 च्या सुमारास ती लिहावयास घेतली. ज्यांच्यासाठी मठाने प्रार्थना करावयाची अशा जिवंत आणि मृत माणसांची नावे तीत आहेत. स्वतःचे साधू, मित्रमठांचे साधू, राजे आणि उपकारकर्ते मिळून अडतीस हजारांवर नावे! आमच्या मानमोडीची भिंत आणि त्यांची ती वही मी मनात शेजारी-शेजारी ठेवून पाहतो. दोहोंचा हेतू एकच: ज्याने मठाला आधार दिला त्याचे नाव पुसले जाऊ नये. फरक इतकाच की तेथे भिक्षूंची नावे रांगांनी लिहिली गेली, आणि येथे काही थोड्या स्थविरांचा व त्यांच्या शिष्यांचा उल्लेख सोडला तर भिक्षू निनावीच राहिले. ज्या दोघांना बुरूड-कासारांच्या द्रव्यातून वस्त्र मिळाले असेल ते कोण होते? त्यांनी संसार का सोडला? पावसाच्या रात्री त्या दगडी ओट्यावर ते काय चिंतन करीत? भिंत त्याविषयी एक अक्षर बोलत नाही. राइखेनाउच्या मठाला मोठमोठी राजदत्त जमीन होती. तरीही 1540 साली त्याचे स्वातंत्र्य गेले आणि 1803 साली ती संस्थाच विसर्जित झाली. राजाश्रय असो वा बुरुडांचा आश्रय असो, अखेर दोघांनाही आली.

मानमोडीची अखेर मात्र कोणत्याही एका दिवशी झाली नाही. तेथे कोणी आग लावल्याचा वृत्तान्त नाही, कोणा राजाने बंदी केल्याचा लेख नाही. तिसऱ्या शतकात सातवाहनांचे राज्य मोडले. रोमन साम्राज्याशी चालणारा समुद्री व्यापार मंदावला. नाणेघाटातून येणारे तांडे विरळ झाले असतील तेव्हा जुन्नरच्या श्रेणींचा धंदाही उतरला असलाच पाहिजे. त्यानंतरच्या काळातील दानलेख येथे आढळत नाहीत. एखाद्या वर्षी पावणेदोन कार्षापण वेळेवर आले नसतील. पुढच्या वर्षी अर्धेच आले असतील. मग ते मागावयास गेलेल्या भिक्षूला श्रेणीचा प्रमुखच भेटला नसेल. विहार मोडतो तो असा. त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे असे मला वाटते. ठेव अक्षय होती, ठेवणाऱ्याची बुद्धीही शुद्ध होती. परंतु ठेव काही तिजोरीत नव्हती. ती माणसांच्या एका शब्दात होती. 'आम्ही दरमहा देऊ' हा शब्द बापाने मुलास, मुलाने नातवास सांगितला तोवर ती चालली. जो सांगावयाचा तोच गाव सोडून गेला, तेव्हा ती संपली. दगडावरील अक्षर शाबूत राहिले आणि व्याज मात्र थांबले.

पुढे डोंगर अगदीच ओस पडला असे नव्हे. अंबा-अंबिका समूहात मागाहून जैनांनी आपल्या मूर्ती कोरल्या. त्यांतील अंबिका देवीवरूनच समूहाला हे नाव मिळाले. लेण्याद्रीच्या मोठ्या विहारात गणपती आला, आणि गिरिजात्मज म्हणून तो अष्टविनायकांत गणला जातो. ज्या दालनात भिक्षू जमत तेथे आज भाविक जमतात. एका धर्माची ओसरी दुसऱ्याच्या उपयोगी पडली, हे आपल्या देशाच्या रीतीस धरूनच आहे.

आणि एक गोष्ट टिकली. त्या जुन्या लेखांत या डोंगराचे नाव 'मानमुकुड' असे आहे. राज्ये गेली, लिपी गेली, ती वाचणारेही गेले. मध्यंतरीच्या सुमारे पंधराशे वर्षांत तो लेख वाचू शकेल असा माणूस जुन्नरास नसावा. तरी गुराखी आणि शेतकरी त्या डोंगराला नाव देत राहिले ते मानमोडी. 1881 साली पंडितांनी भिंतीवरचे अक्षर लावले तेव्हा त्यांना तेच नाव सापडले, जे पायथ्याचा गुराखी रोज उच्चारीत होता. आमच्या आंबेगावचेही असेच आहे. जुने आंबेगाव विसाव्या शतकाच्या अखेरीस डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे, पण तालुका अद्यापि आंबेगावचाच. गाव बुडते, नाव तरते. ते तरते, कारण कोणीतरी ते रोज तोंडाने घेत असते.

आता शेवटची गोष्ट. ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. परंतु खात्याचा पहारेकरी प्रत्येक कोठडीत उभा राहू शकत नाही. माझ्याच वर्गातील एका मुलाने एकदा लेखाजवळच्या भिंतीवर कोळशाने आपले नाव लिहिले. मी रागावलो, त्याने रडत-रडत ते पुसले, आणि मग म्हणाला, "मास्तर, त्यांनीही नावच लिहिले आहे ना?" मी निरुत्तर झालो नाही, परंतु थांबलो खचित. मग त्याला म्हणालो, "बाळ, त्यांनी काहीतरी देऊन नाव लिहिले. तू काय दिलेस?" तो मुलगा आज चांगला मोठा गृहस्थ झाला आहे. आपल्या मुलांना मानमोडीवर घेऊन गेल्याचे त्याने मला मध्यंतरी सांगितले. मला वाटते, त्याने आपला हप्ता भरला.

मानमोडीच्या ठेवीपैकी आता द्रव्य काही उरलेले नाही. उरली आहे ती फक्त भिंतीवरची नोंद. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणी विरून गेल्या. तेव्हा तिचा सांभाळ करण्याचे काम आपोआप आपणांकडे आले आहे. ते अवघड नाही. जुन्नरास जाल तेव्हा शिवनेरीला वंदन करा, गिरिजात्मजाचे दर्शन घ्या, आणि तासभर वेळ काढून मानमोडी चढा. मुलांना बरोबर न्या. भिंतीस हात लावू देऊ नका. त्या अपुऱ्या चैत्यासमोर उभे राहून त्यांना एवढेच सांगा की येथे दोन हजार वर्षांपूर्वी टोपल्या विणणाऱ्यांकडून दरमहा पावणेदोन आणि काशाचे काम करणाऱ्यांकडून पाव, असे दोन कार्षापण येत असत. बेरीज मुलांनाच करू द्या.